ज्याला उत्तर नको, तो कचऱ्यात

आमचे थोरले भाऊजी बद्रीनाथराव म्हणजे पुंडलिकनगरातलं एक बडं प्रस्थ आहे, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. दुसऱ्या कुणाचं तसं मत असलं तर तो माणूस मला अजून भेटला नाय. मी त्यांची धाकटी भावजय, गीताबाई. खालच्या मजल्यावर ते आणि आक्का, म्हणजे माझी जाऊ द्वारकाबाई. वरच्या मजल्यावर मी, माझा नवरा अप्पाराव आणि आमची तनुजा. चूल एकच. लग्न होऊन आल्यापासून त्या माणसाला सकाळचा पहिला चहा मी देते, त्यामुळं त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मी कमावलाय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

भाऊजी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलाला होते. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा. गेलेल्या टपालावर दुसरा शिक्का मारायचा, दुसरा नंबर टाकायचा. आत काय लिहिलंय ते वाचायचं काम दुसऱ्याचं. उभी हयात लिफाफ्यांवर शिक्के मारण्यात गेली, पण रुबाब असा की सगळा जिल्हा जणू ह्यांच्याच सहीनं चालत होता. रिटायर झाले तेव्हा कचेरीतल्या लोकांनी शाल दिली, नारळ दिला आणि वर्गणी काढून एक स्मार्टफोन दिला. शाल आक्कांनी कपाटात टाकली, नारळ मी चटणीला फोडला. फोनचा मात्र साऱ्या घराला ताप झाला.

आमच्या घरातली पद्धत सांगते. कुठल्याही फॉर्मवर नाव थोरल्याचं, नंबर थोरल्याचा आणि मेलसुद्धा थोरल्याचाच. गॅस, लाइट, बँक, गावाकडच्या जमिनीचा विमा, पोरीचं कॉलेज, सगळं भाऊजींच्या मेलवर. ‘घरात येणारं टपाल एकाच्याच हातून यावं,’ असं ते म्हणायचे आणि आमचे हे खाली मान घालून ‘व्हय दादा’ म्हणायचे. आमच्या ह्यांना दादापुढं तोंड उघडताना मी आजवर पाहिलं नाय. जेवताना तेवढं उघडतात.

रोज चहा झाला की भाऊजी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातभर लांब. मेलच्या ॲपमधे बोट डावीकडं सरकवलं की मेल ‘जंक’ नावाच्या कप्प्यात, म्हणजे कचऱ्यात जातो, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. त्यांना आलं ते तेवढंच. पण तेवढ्यावर ओट्यावर दरबार भरायला लागला. कॉलनीतले दोन-चार रिकामटेकडे कठड्यावर येऊन बसायचे आणि भाऊजी एकेक मेल हजर करायचे. “हां, हा बघा आला. बघू ह्याची लायकी.” आणि सप्पकन बोट सरकवायचे. माणूस साधा डास मारताना एवढा ऐटीत नसतो.

लायकी ठरवायची त्यांची कसोटी ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल. आवक-जावकचं डोकं ते! आवक आली की तिला जावक पाहिजेच. म्हणून आलेल्या प्रत्येक मेलला ते उत्तर धाडायचे. ‘आपला मेल मिळाला. आभारी आहे. कळावे, लोभ असावा.’ साडीच्या सेलची जाहिरात आली तरी लोभ असावा. आणि ज्या मेलखाली लिहिलेलं असायचं की ह्याला उत्तर देऊ नका, नो-रिप्लाय, तो मेल पाहून त्यांच्या मस्तकात तिडीक जायची.

“म्हणजे काय? ह्यानं बोलायचं आणि मी गप ऐकायचं? असली मिजास मी साहेबाची ऐकून घेतली नाय. ज्याला उत्तर नको, तो कचऱ्यात! चल, हो बाहेर!”

साहेबाची ऐकून घेतली नाय म्हणे! साहेब नुसता खाकरला तरी हे खुर्चीतून ताडकन उठायचे, हे मला आक्कांनीच सांगितलंय.

आता उत्तर नको म्हणणारे असतात कोण? बँक, गॅसवाले, लाइटवाले, कॉलेज. ज्यांचे मेल मशीन पाठवतं ते. आणि उत्तरासाठी जीव टाकणारे कोण? सगळे चोर. ‘आदरणीय बद्रीनाथजी, आपले हार्दिक अभिनंदन. आपण मोटार जिंकला आहात. आपल्या बहुमोल उत्तराच्या प्रतीक्षेत.’ एवढा मान दिला की आमचे भाऊजी पाघळले. कुठल्यातरी परदेशातली एक विधवा बाई तर त्यांना आठवड्याला मेल लिहायची. नवरा वारला, दौलत मोठी, विश्वासू माणूस पाहिजे. भाऊजी ओट्यावर तो मेल खड्या आवाजात वाचायचे आणि म्हणायचे, “केवढी संस्कारी बाई बघा. नाय तर आपली बँक! नमस्कार नाय, चमत्कार नाय.”

तनुजानं त्यांना परोपरीनं सांगितलं. “मोठे बाबा, ही फसवणारी माणसं आहेत. तुम्ही उत्तर दिलं की त्यांना कळतं, हा पत्ता चालू आहे. मग अजून पाठवतात. आणि बँकेला जंकमधे टाकलं की ॲप तेच शिकतं. पुढचे मेल तुम्हाला दिसतसुद्धा नाहीत, आपोआप तिकडं जातात आणि महिनाभरानं पुसले जातात.”

“तू मला टपाल शिकवतीस?” ते म्हणाले. “माझी हयात गेली टपालात.”

हयात गेली हे खरंय. डोक्यात मात्र काय गेलं नाय.

गेल्या उन्हाळ्यात तर कहर झाला. कुणा एका सद्गृहस्थानं ‘कृपाळूपणे आपला पासवर्ड कळवावा’ असं विनम्रपणे लिहिलं आणि भाऊजींनी तितक्याच विनम्रपणे कळवला. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथराव ह्या नावानं ओळखीच्या साऱ्या लोकांना मेल गेला. सोयरेधायरे, कॉलनी, कचेरीतली जुनी माणसं, गावाकडचे कीर्तनकार महाराज, कुणी सुटलं नाय. मेल होता मर्दानी ताकदीच्या गोळ्यांचा, फोटोसकट. एकदा नाय, शंभरदा गेला. आक्का बिचाऱ्या लाजेनं आठवडाभर देवळात गेल्या नायत. महाराजांनी फोन करून विचारलं, “बद्रीनाथराव, सगळं ठीक हाय ना?”

मोबाईलच्या दुकानातल्या माणसानं पासवर्ड बदलून दिला आणि म्हणाला, “काका, ह्या पत्त्याचं नाव खराब झालंय आता. नवा काढा.”

“नाव खराब? बद्रीनाथचं?” भाऊजी दुकानातच कडाडले. नवा पत्ता काय काढला नाय. घरी येऊन म्हणाले, माझ्यावर जळणारांचं काम आहे. जळण्यासारखं ह्यांच्याकडं काय आहे, ते मी अजून शोधतेय.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण ह्या येडेपणात माझ्या पोरीचा जीव अडकला, म्हणून माझं डोकं फिरलं.

तनुजा बी.एस्सी. झाली. जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत लॅबमधे जागा निघाली होती, बियाणं नीट उगवतं का ते तपासायचं काम. पोरगी लहानपणापासून वाटीत मूग भिजत घालून मोड मोजणारी. तिला ती नोकरी म्हणजे सगळं काही होतं. मुलाखत चांगली झाली. पण त्याच सुमाराला भाऊजींनी पडेगावचं एक स्थळ आणलं. पोराचं नाव ऋतुराज, प्लॉट विकण्याचा धंदा. बघायला आला तेव्हा त्यानं फोनमधून मान वर काढली ती फक्त पोहे आले तेव्हा. त्याच्या आईनं अट घातली, सून नोकरी करणार नाय. तनुजा नको म्हणाली, मी नको म्हणाले. भाऊजींनी निकाल दिला, “दसऱ्याच्या आत नोकरीचं पत्र आलं तर जा नोकरीला. नाय आलं तर सुपारी फोडायची. माझा शब्द गेलाय.”

आणि ते पत्र येणार होतं मेलवर. मेल कुणाचा? भाऊजींचा! तनुजाचा स्वतःचा मेल होता की, पण फॉर्म भरताना भाऊजी तिच्या खुर्चीमागं उभे. “पोरीचा नंबर, पोरीचा मेल परक्याच्या हातात द्यायची आपल्या घरात रीत नाय. माझा टाक.” मी आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी पंख्याकडं पाहिलं.

मग रोज सकाळी चहा देताना मी विचारायचे, “भाऊजी, जालन्याचं काय आलं का?”

“काय नाय आलं,” ते बशीत चहा ओतत म्हणायचे. “आलं असतं तर मला कळलं नसतं का?”

पोरगी वाळत चालली. दसरा जवळ आला. शेवटी तिनं कंपनीत फोन लावला. तिकडून एक बाई म्हणाल्या, “तुमची निवड झालीय. मेल पाठवून आठवडा झाला. उद्या संध्याकाळपर्यंत होकार आला पाहिजे, तोही ज्या पत्त्यावर मेल आलाय त्याच पत्त्यावरून. फोनवरचं आम्ही धरत नाही.”

तनुजा जिना दोन-दोन पायऱ्या उतरत ओट्यावर गेली, मागं मी, हातात झाडू तसाच. दरबार भरलेलाच होता. मी म्हणाले, “भाऊजी, फोन द्या.” असं मी त्यांना कधी म्हणाले नव्हते. ते एवढे चकित झाले की त्यांनी दिला.

तनुजानं जंकचा कप्पा उघडला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. सारं घर तिथं होतं. बँकेचे मेल, लाइटची बिलं, विम्याची मुदत, तनुजाच्या कॉलेजच्या सूचना, गॅसची सबसिडी. जी जी कामाची वस्तू, ती ती कचऱ्यात. आणि चांगल्या कप्प्यात कोण? मोटारवाले, लॉटरीवाले आणि ती परदेशी विधवा. त्या ढिगातच जालन्याचा मेल होता. वर लिहिलेलं, नो-रिप्लाय. आत लिहिलेलं, निवड झाली आहे, होकार खाली दिलेल्या पत्त्यावर कळवावा.

“भाऊजी, हे काय?”

त्यांनी चष्मा पुसला. “मला काय ठाऊक? सुरुवातीलाच उत्तर नको म्हणतोय माणूस. नोकरी देणाऱ्याची ही भाषा असती का?”

“मोठे बाबा, ते मशीन आहे,” तनुजा म्हणाली. 

“मशीनला पण शिस्त पाहिजे,” हे भाऊजींचं म्हणणं. कठड्यावरच्या दोघांनी माना डोलावल्या. त्या क्षणी मला हातातला झाडू फेकून मारावासा वाटला. पण झाडू नवीन होता.

तनुजानं तिथंच उभं राहून होकार लिहिला. चार ओळी, स्वच्छ. ती पाठवणार तेवढ्यात भाऊजींनी फोन काढून घेतला. “जावक माझ्या हातून जाईल.” आणि कर्त्या पुरुषाच्या थाटात त्यांनी बटण दाबलं. मुदतीच्या आत गेला एकदाचा. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय! दिवस गेले, पलीकडून चकार शब्द नाय. इकडं नेमणुकीचं पक्कं पत्र नाय म्हणून भाऊजींनी पडेगावकरांना रविवारी सुपारी फोडायला बोलावलं आणि आक्का वाण्याची यादी करायला बसल्या. शुक्रवारी तनुजानं परत फोन लावला, तर त्या बाई म्हणाल्या, “तुमचा होकार आलाच नाही. मुदत संपली. उद्या दुपारी पुढच्या मुलीला बोलावलंय.”

पोरीनं फोन खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. रडली नाय. ते मला जास्त लागलं. मी भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, “मी पाठवला म्हणजे पाठवला. त्यांनीच कुठं तरी हरवला असंल. जाऊ द्या, नशिबात पडेगाव होतं.” एवढं बोलून पान लावायला घेतलं. पोरीच्या जन्माचा प्रश्न आणि हा माणूस चुना जास्त झाला का ते बघतोय!

मी आमच्या ह्यांना म्हणाले, “उद्या सकाळी मी तनुजाला घेऊन जालन्याला जाते.”

“दादाला विचारलंस का?”

“तुम्ही विचारा,” मी म्हणाले. “मी परत येईपर्यंत तुमचं विचारून झालं तर झालं.”

सकाळी मुकुंदवाडी स्टेशनावरून गाडीत बसलो. त्या दिवशी भाऊजींना चहा कुणी दिला, मला माहीत नाय. वाटेत तनुजा एकच वाक्य बोलली. “आई, मेल गेला होता, मी डोळ्यांनी बघितलाय.”

कंपनीत त्या फोनवरच्या बाई भेटल्या. रूपा मॅडम, तनुजाहून थोड्याच मोठ्या. त्यांनी परत तेच सांगितलं, आमच्याकडं काही आलं नाही. मी हात जोडायच्या बेतात होते. तनुजानं माझा हात धरून खाली केला आणि म्हणाली, “मॅडम, एकदा तुमचा जंकचा कप्पा बघता का? मेल माझ्या मोठ्या बाबांच्या पत्त्यावरून आलाय. त्या पत्त्यावरून मागं खूप घाण जाहिराती गेल्या होत्या. मशीननं माझा मेल पण त्यातलाच धरला असंल.”

मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवर कप्पा उघडला. बोट खाली खाली जात होतं आणि माझा जीव त्या बोटाबरोबर. झटपट कर्ज, टकलावर केस, अन् मधेच बोट थांबलं. बद्रीनाथराव! कर्ज आणि टक्कल ह्यांच्या मधोमध आमच्या घराचा कर्ता पुरुष बसला होता आणि त्याच्या पोटात माझ्या पोरीचा होकार.

मॅडमनी तारीख बघितली. “मुदतीच्या आतला आहे,” त्या म्हणाल्या. “चूक आमच्याकडून बघायची राहिली.” त्यांनी ‘जंक नाही’ वर बोट ठेवलं, दुपारच्या मुलीला फोन करून थांबवलं आणि मग हसून विचारलं, “हे बद्रीनाथ काय करतात हो? ह्यांना मशीन बघताक्षणीच कचऱ्यात टाकतंय.”

मला हसू आवरेना. त्या थंडगार हापिसात मी पदर तोंडाला लावून हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. इतक्या वर्षांत जे मला तोंडावर बोलता आलं नाय, ते एका मशीननं बघताक्षणी ओळखलं होतं.

रविवारी पडेगावकर आले नायत. मीच फोन करून नको म्हणून कळवलं. भाऊजींचा शब्द गेला होता तो गेला. आणि भाऊजी? लाजले, ओशाळले, असं वाटलं का तुम्हाला? सोमवारी ओट्यावर सांगत होते, “माझ्या मेलनंच काम झालं. मुदतीच्या आत जावक केली म्हणून पोरीला नोकरी मिळाली.” कठड्यावरच्यांनी माना डोलावल्या. मी आतून सगळं ऐकलं आणि कुकरची शिट्टी होऊ दिली.

तनुजा जालन्याला खोली घेऊन राहायला लागली. कंपनीत स्वतःचा मेल दिला, स्वतःचा नंबर दिला. जाताना भाऊजींच्या पाया पडली, पोरगी मोठ्या मनाची आहे. ती गेल्यावर भाऊजींनी चार दिवस खपून तिला मेल लिहिला. आम्हाला सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. कुणाशी बोलावं, कुणाशी बोलू नये, घराण्याची इज्जत, वेळेवर जेवण, आणि शेवटी ‘तुझ्या बहुमोल उत्तराच्या प्रतीक्षेत.’ हे वाक्य कुठून उचललं ते मला कळलं, त्यांना कळलं नाय.

दिवाळीला तनुजा आली तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात फोन दाखवला. मेल तिच्या जंकमधे पडला होता. तिनं नाय टाकला, आपोआप गेला होता.

“बाहेर काढू का, आई?” तिनं विचारलं. बोट त्या मेलवर टेकवलं. मग म्हणाली, “नको. राहू दे. जाईल आपोआप.” आणि करंजीत सारण भरायला लागली. मी तिला काढ म्हणाले नाय.

आता ओट्यावरचा दरबार मोडलाय. कठड्यावरची माणसं दुसऱ्या कुणाच्या तरी ओट्यावर गेली. भाऊजी एकटेच फोन धरून बसतात. मोटारवाल्यांना उत्तर देत नाहीत, विधवेचं वाचत नाहीत. कचऱ्याचा कप्पासुद्धा उघडून एकेक मेल खालपर्यंत बघतात, पोरीचं उत्तर चुकून तिथं पडलं असेल म्हणून. दिवाळीत ती समोर होती तेव्हा तोंडी विचारलं नाय, त्यांना लेखी आवकच पाहिजे. त्यांना असं बसलेलं पाहून मला कीव येते का? येते. खोटं कशाला बोलू, थोडी येते. मग मला तनुजाचं भिंतीला टेकून बसणं आठवतं आणि ती कीव जाते.

आज सकाळी मी चहा ठेवला तर मान वर करून म्हणाले, “गीताबाई, तनुजाचं काय उत्तर आलं नाय ओ अजून?”

“काय नाय आलं, भाऊजी,” मी म्हणाले. “आलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं का?”